ग्रहणाला काढलेल्या फिल्मा

नवं मशीन आल्यापासून मला कामावर बसायला वेळ मिळतो, आणि बसणं मला जमत नाही.

कर्जतच्या एका तपासणी केंद्रात मी बायकांच्या मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं काम करते. जुन्या फिल्मच्या मशीनवरही मीच होते. तेव्हा सकाळी आले की पर्स टेबलाखाली टाकून आधी डार्करूम. डेव्हलपर आणि फिक्सर ही फिल्म धुवायची रसायनं पुरेशी आहेत का, तापमान बरोबर आहे का, धुवायच्या टाकीत पाणी येतंय का. एक कोरी फिल्म आत सोडून ती कशी बाहेर पडते ते बघायचं. मग कॅसेटमध्ये, म्हणजे चपट्या डब्यांत, फिल्म भरून त्या रांगेत लावायच्या. बाई आली की चार फोटो, दोन्ही बाजूंचे वरून एकेक आणि तिरके एकेक. कॅसेट घेऊन पुन्हा डार्करूम, दार लावायचं, लाल दिव्यात फिल्म काढायची, मशीनच्या तोंडात द्यायची आणि ती पलीकडून बाहेर यायची वाट बघत उभं राहायचं. एखादी काळीकुट्ट यायची, एखादी फिकट. बाईनं श्वास घेतला असेल तर पुसट. मग तोच फोटो पुन्हा. बाई तोवर बाहेरच्या बाकावर, अंगात आमचा हिरवा झगा आणि मांडीवर स्वतःचा ब्लाउज घडी घालून.

"झालं का हो?"

"थांबा जरा, फिल्म येऊ दे."

हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन कोण जाणे. घरी कुणी जेवायला घाई केली तरी तोंडून तेच यायचं.

आता बटण दाबलं की चित्र लगेच पडद्यावर. बाईला "श्वास सोडा" म्हणेपर्यंत ते आलेलं असतं. हललं असेल तर ती उभी आहे तिथंच पुन्हा घ्यायचं, आणि बिघडलेलं चित्र एका टिचकीत नाहीसं. चांगली चित्रं इंटरनेटवरून पनवेलला डॉक्टरांच्या घरी जातात. डॉक्टर आमच्याकडे फक्त शनिवारी येतात, एरवी घरी बसून रिपोर्ट लिहितात. पूर्वी एका सकाळीत जेवढ्या बायका व्हायच्या त्याच्या दुप्पट आता होतात आणि तरी जेवणाआधी माझे हात मोकळे. बाक रिकामा. डार्करूमचं गोदाम झालं, तिथं आता छपाईचे कागद, फिनेल आणि गणपतीची आरास असते.

मला याद्या करायची सवय आहे. रोजच्या कामांची यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. नवं मशीन आल्यावर ती यादी इतकी आखूड झाली की मला तिच्याकडे बघवेना. मग मी त्यात खिडक्या पुसणे, पडद्यांच्या कड्या मोजणे असली कामं घातली. आमची रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही एक दिवस नुसतं बसून बघा ना." मी बसून बघितलं. पाच मिनिटांनी उठून पडद्यांच्या कड्या मोजल्या.

बायकांना मात्र एक गोष्ट पटत नव्हती. पूर्वी तपासणी झाली की फिल्मांचं मोठं पिवळं पाकीट त्यांच्या हातात पडायचं. आम्ही प्रत ठेवत नव्हतो, फिल्म ज्याची त्याच्याकडे. आता हातात नुसता रिपोर्टचा कागद. "आणि फोटो?" "तो कॉम्प्युटरमध्ये आहे." "तिथं कोण कोण बघतं?" या प्रश्नाला मी खरं तेच सांगायचे, मी आणि डॉक्टर. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी काहीतरी लपवतेय.

माझ्या थोरल्या जावेनंही हाच प्रश्न विचारला.

जाऊबाई खालापूरकडे गावी राहतात. भात, थोडी भाजी, दोन म्हशी. त्यांचा मुलगा कंपनीत जातो. मी आणि माझे यजमान नोकरीमुळे कर्जतला. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला नावानं हाक मारतात आणि जाईल तिथं चार माणसांत माझी खोड काढतात. नवं मशीन आल्यापासून मी त्यांच्या मागे लागले होते. एकदा बाजाराला म्हणून त्या कर्जतला आल्या आणि मी त्यांना तसंच पिशवीसकट केंद्रावर नेलं. खरं तर त्यांची एकदा तपासणी झालेली होती, जुन्या फिल्मच्या मशीनवर, माझ्याच हातानं. पण त्याला बरीच वर्षं झाली होती.

"तेव्हा किती वेळ बसवलंस," त्या म्हणाल्या. "दोन फोटो काळे आले म्हणून परत दाबलंस."

"आता बसायला लागणार नाही."

"मग दाबायचं तेवढंच राहिलं."

चारही चित्रं बघता बघता झाली. त्या ब्लाउजची बटणं लावत होत्या तेव्हा मी पडद्याकडे बघितलं. डाव्या बाजूला, आतल्या भागात, एक लहानशी गोल सावली होती.  आपण फोटो काढायचे, वाचायचे डॉक्टरांनी, हे मी पहिल्या दिवसापासून पाळत आले आहे. मी चित्रं पाठवली आणि ताईंना बाहेर चहा आणून दिला.

डॉक्टरांचा फोन दुपारच्या आत आला. वेगाचं कौतुक मला त्या दिवशी वाटलं नाही.

"मॅडम, डाव्या बाजूची गाठ बघितलीत ना? कडा तशा बऱ्या आहेत. सोनोग्राफी करून घ्या."

सोनोग्राफी कर्जतमधल्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे करून घेतली, तिची चित्रंही पनवेलला पाठवली. तीही बघून डॉक्टर म्हणाले, ठाम सांगता येत नाही. एक तर सुईनं तुकडा काढून तपासायचा. नाहीतर यांची आधीची फिल्म असेल तर ती दाखवा. तेव्हाही हीच गाठ एवढीच असेल तर सुई लागणार नाही. तेव्हा नसेल तर मात्र थांबायचं नाही.

मी जुनं रजिस्टर उघडलं. ताईंच्या नावापुढे रिपोर्ट 'ठीक' एवढंच होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "ठीक म्हणजे काय ते कागदावरून कळत नाही. मला चित्र हवं."

मी हे सगळं ताईंना जेवढ्या साध्या शब्दांत सांगता येईल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवीतली कोथिंबीर नीट केली.

"सुई नाय."

"ताई, बारीकशी असते. बधिर करून—"

"सुई नाय म्हटलं ना. माझ्या माहेरी शेजारची होती, तिला सुई घातली न् मग ते पसरलं. मी डोळ्यानं बघितलंय."

"सुईनं पसरत नाही. तिचं आधीच पसरलेलं असणार."

"तू तिथं होतीस का?"

मी तिथं नव्हते. त्यांना मी चांगली ओळखते. एकदा नाही म्हटल्या की वर्ष गेलं तरी नाहीच, आणि गावी परत गेल्या की भात, म्हशी, नातू, कर्जत पुन्हा कधी ते सांगता येत नाही. फिल्म मिळाली नाही तर त्या सुई घेणार नाहीत आणि ती सावली तशीच आत राहील, बरी की वाईट हे कुणालाच न कळता. फिल्म मिळाली तर निदान कळेल. म्हणून मी विचारलं, "पाकीट कुठं आहे?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"माहेरी."

"माहेरी का?"

"घरात सासरे होते, दीर येतो-जातो. अंगाचा फोटो घरात कुठं ठेवू? आयच्या पेटीत ठेवला."

दीर म्हणजे माझे यजमान. मी हसले नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी किती जणींची पाकिटं अशीच माहेरी गेली असतील, कुणाला माहीत. रजिस्टरमध्ये पत्ता लिहायची जागा असायची, त्यात सगळ्यांचे पत्ते सासरचे.

हा शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर केंद्रावर येणार होते आणि दुपारी जाणार होते. त्या रात्री ताई आमच्याकडे राहिल्या. मी सकाळच्या कामांची यादी केली, ती खोडली, पुन्हा केली. त्यात एकच काम होतं.

शनिवारी उजाडताच मी स्कूटर काढली. ताई मागे, दोन्ही पाय एका बाजूला, हात माझ्या खांद्यावर. कर्जतहून चौक गावाकडे जाणारा रस्ता धरला. चौकला हायवेवर ट्रक, पंक्चरवाले, ढाब्यांवर पहिली भजी. तिथून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं माहेर. आई वारली होती. भावानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं, समोर गिलावा अजून व्हायचा होता.  घर पाडताना लोक काय काय टाकून देतात ते मी आमच्या स्वतःच्या घरी बघितलं आहे.

ताईंची भावजय अंगणात भांडी घासत होती. हात राखेनं भरलेले तसेच ठेवून ती उठली.

"वन्सं, सकाळी सकाळी? सगळं बरं हाय ना?"

"आयची पेटी कुठं हाय?"

"माळ्यावर. का हो?"

"त्यात माझं पाकीट हाय. पिवळं."

भावजयीनं जरा आठवलं. मग ती म्हणाली, "ते काळे काळे फोटो होय? ते ग्रहणाला काढले होते."

मी पायरीवर बसले. ताई उभ्याच.

"ग्रहणाला म्हंजे?"

"सूर्यग्रहण नव्हतं का लागलं, तवा. पोरं मागं लागली, सूर्य बघायचाय. कुणी म्हटलं एक्स-रेतनं दिसतो. म्हून मी पेटीतनं काढले न् कातरून दिले. आळीतल्या सगळ्या पोरांना पुरले."

"माझी छाती?" ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या ओट्यावरची म्हातारी वळून बघायला लागली. "माझी छाती आख्ख्या आळीनं सूर्याला धरली?"

"वन्सं, काळ्यात काय दिसतंय कुणाला. मला वाटलं पाठीचा हाय."

"पाठीचा फोटो मी आयच्या पेटीत कशाला ठेवीन?"

"ते मला काय ठाऊक. तुमी सांगितलं होतं का?"

हे खरंच होतं. एक्स-रेतून सूर्य बघणं डोळ्यांना घातक असतं हे मला सांगायचं होतं, आणि मी ते सांगितलंही, पण त्या वेळी ते कुणी ऐकलं नाही. मी विचारलं, "सगळे कातरले?"

"सगळे कशाला? काही पांढरट होते. त्यातनं सूर्य डोळ्यात जात होता, पोरं नको म्हणाली. ते ठेवले परत."

ती हात धुऊन माळ्यावर चढली. वरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग धूळ, मग तिची शिंक. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. त्या वेळी मला ते आठवलं. तपासणीच्या दिवशी पहिल्या दोन फिल्मा काळ्या आल्या होत्या. डेव्हलपर नवा भरलेला होता आणि जरा जास्त तापला होता. मी त्या बिघडलेल्यांच्या डब्यात टाकायला निघाले तेव्हा ताई बाकावरून उठून आल्या आणि म्हणाल्या, त्या पण माझ्याच ना, मग दे इकडं, माझं इथं काही ठेवायचं नाय. मी वैतागून त्या पाकिटात घातल्या होत्या. म्हणजे पाकिटात चार नव्हे, सहा फिल्मा होत्या. आणि सूर्याला काळ्याच लागतात.

भावजय खाली आली. पाकिटाचा रंग गेला होता, पण आमच्या केंद्राचा शिक्का वाचता येत होता. आत फिल्मा होत्या. उजव्या बाजूच्या दोन सुट्या. डाव्या बाजूच्या दोन एकमेकींना चिकटलेल्या. माळ्यावर ओल आली होती, एका कोपऱ्याला पिवळा डाग पसरला होता.

"ओढ की," ताई म्हणाल्या.

"ओढायच्या नाहीत. वरचा थर निघून येतो, मग काहीच राहत नाही."

मी ती जोडी आकाशाकडे धरली. दोन चित्रं एकावर एक, धुक्यात धुकं. कुठं काहीतरी गोल असल्यासारखं वाटत होतं, आणि कुठं नाही. ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"दिसलं का?"

"डॉक्टर सांगतील."

"तुला दिसतंय. बोलत नायस."

"ताई, खरंच दिसत नाहीये."

चहा न घेता निघालो म्हणून भावजय रागावली. येताना ताईंनी पाकीट पोटाशी धरलं होतं, ते माझ्या पाठीला टोचत होतं. चौकला ट्रॅफिक. मी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. ताई मागून म्हणाल्या, "घड्याळात बघून गाडी उडणाराय का?"

केंद्रावर डॉक्टर सोनोग्राफीच्या खोलीत होते. मी सरळ गोदामात गेले. आरास बाजूला केली, फिनेलचे डबे उचलले, जुनी प्लास्टिकची परात शोधली. नळाला अजून पाणी होतं. परात धुऊन थंड पाणी भरलं आणि चिकटलेली जोडी त्यात सोडली. पूर्वी उन्हाळ्यात फिल्मा चिकटल्या की आम्ही हेच करायचो. फुगू द्यायचं, हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही हेच अवघड होतं. मी परातीजवळ उभी राहिले, मग बाहेर आले, मग पुन्हा आत. रिसेप्शनवरच्या मुलीनं दोनदा विचारलं की पुढच्या बाईला घेऊ का, आणि मी दोनदा हो म्हटलं आणि घेतलं. नवं मशीन भराभर चालत होतं. एका बाईचं झालं, दुसरीचं झालं, त्या गेल्याही, आणि परातीतली जोडी अजून जोडीच.

ताई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. अंगात झगा नव्हता, एवढाच फरक.

"झालं का?"

"थांबा जरा," मी म्हटलं, "फिल्म येऊ दे."

त्या हसल्या. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

कोपरा आपोआप सुटला तेव्हा मी पाण्यातच बोटानं हलकेच सरकवत गेले. दोन्ही वेगळ्या झाल्या. वरून काढलेल्या फिल्मचा कोपऱ्यातला थर गेला, तिथं काच दिसावी तसं भोक पडलं. तिरकी फिल्म शाबूत होती, डाग होता तो कडेला. दोन्ही चिमट्यांना टांगल्या. हेअर ड्रायर वापरायचा नसतो, थर वितळतो, म्हणून टेबलफॅन लांब ठेवला. डॉक्टर बाहेर आले, मनगटाकडे बघितलं.

"मॅडम, किती वेळ?"

"सर, वाळू द्या."

"आता वाळायची वाट बघायची सवय गेली हो माझी," ते म्हणाले आणि स्वतःच खुर्ची ओढून बसले.

अजून एक अडचण होती. फिल्म मागून उजेडावर धरून बघावी लागते, आणि त्यासाठीची दिव्याची पेटी आम्ही नवं मशीन आलं तेव्हा भिंतीवरून काढली होती. ती गोदामात सापडली, पण तिच्या दोन्ही ट्यूब गेलेल्या. मुलगी म्हणाली, बाजारातून आणते. डॉक्टरांनी हात केला, नको. त्यांनी नव्या मशीनच्या दोन पडद्यांपैकी एकावर कोरं पांढरं पान उघडलं आणि उजेड पूर्ण वाढवला. खोली उजळली. दुसऱ्या पडद्यावर ताईंचं कालचं चित्र. तिरकी फिल्म अजून कडेला ओली होती. ती त्यांनी कडांना धरून पांढऱ्या पडद्यापुढे उभी केली.

मी त्यांच्या मागे उभी राहिले. ताईंना मी आत बोलावलं नव्हतं, पण त्या दारात येऊन उभ्या होत्या.

डॉक्टरांनी जुन्या फिल्मकडे बघितलं, मग नव्या चित्राकडे, मग पुन्हा जुन्याकडे.  मग त्यांनी वरून काढलेली फिल्म मागितली, भोक पडलेली. तीही धरून बघितली.

"मावशी, या इकडे," ते म्हणाले. "हे बघा. हे तेव्हाचं, हे कालचं. इथं आहे ना वाटोळं? इथंही आहे. जागा तीच, माप तेच. एवढ्या वर्षांत वाढलेली नाही."

"म्हंजे सुई नाय."

"सुई नाही. पण सहा महिन्यांनी परत या. या दुसऱ्या फिल्मचा तुकडा गेलाय, मला एकदा खात्री करायचीय."

"तेव्हा परत दाबणार?"

"दाबणार."

ताईंनी मान हलवली. येते किंवा येत नाही असं काहीच त्या म्हणाल्या नाहीत. मी लगेच माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्या पुढच्या तारखेची नोंद केली आणि त्यांच्या मुलाच्या मोबाईलवरही टाकली, आणि मुलाला फोन करून सांगितलं की आठवण कर. फोन ठेवला आणि मी परात घासायला घेतली.

डॉक्टर गेले. फिल्मा पूर्ण वाळल्या तेव्हा मी त्या नव्या पाकिटात घातल्या. अशा मोठ्या पाकिटांचा एक गठ्ठा गोदामात शिल्लकच होता, आता कुणाला लागत नाहीत. पाकीट घेऊन मी ताईंना द्यायला गेले. त्यांनी ते घेतलं नाही.

"माहेरी परत नाय ठेवायचं. पुढच्या ग्रहणाला ती उरलेले पण कातरील."

"मग इथं ठेवू? कॉम्प्युटरमध्येही घालून ठेवता येतील, मी एका ठिकाणी सांगून करून घेते."

"कॉम्प्युटरमधी तू न् डॉक्टर बघता ते पुरे हाय. हे तुझ्या कपाटात ठेव. घरच्या." त्यांनी दाराकडे बघितलं. "पण माझ्या दिराला कळता कामा नये."

"तुमच्या दिराला आमच्या कपाटातलं स्वतःचं बनियन सापडत नाही, ताई."

"तरी पण."

संध्याकाळी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी बाजाराची पिशवी माझ्याकडेच ठेवली, कोथिंबीर सुकली होती, मला म्हणाल्या, भाकरीसोबत ठेचा कर.

आमच्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे, प्रत्येक फाइलवर नाव आहे, कपाटाच्या कप्प्यांवरसुद्धा. यजमान त्यावरून चिडवतात. ताईंचं पाकीट मी माझ्या साड्यांच्या खालच्या थरात ठेवलं आहे, सपाट, ओल लागणार नाही असं, आणि त्यावर काही लिहिलेलं नाही. मध्येच उठून मी ते आहे ना, ते बघते. सहा महिने व्हायला अजून वेळ आहे.